कापड बदललं, बूच राहिलं

आपला फोन चार वर्षांत म्हातारा होतो. पायपर जे-३ कब हे छोटं, पिवळं विमान १९३८ ते १९४७ या काळात अमेरिकेत बनलं. त्यातली कित्येक विमानं खासगी मालक आजही उडवतात. कशी, हे शोधताना मला दुरुस्तीचा इतिहास सापडला.

पंखांवरचं मूळ सुती कापड उन्हाने कुजायचं. हवेत फाटलं तर जीवावरच बेतणार. म्हणून पुढे पॉलिएस्टर आलं. इंधन दाखवणारी युक्ती मात्र साधीच राहिली: टाकीत तरंगणारं बूच आणि त्यावर उभी तार. तार खाली बसत चालली की उतरायचं.

प्रत्येक दुरुस्ती लॉगबुकात नोंदवतात. मला तीच वही त्या विमानाचा खरा इतिहास वाटते. पुढचा मालक तिच्याच भरवशावर आकाशात जातो.