एडन : निराश करणारे बंदर, पण कोणाला?

१/ जहाजाच्या सहलीहून परतलेल्या दोघांना एकाच बंदराविषयी विचारावे, तर एक म्हणतो, “तिथे उतरूच नका”, दुसरा म्हणतो, “आणखी एक दिवस हवा होता.” हा मतभेद जुना आहे. मुंबईहून विलायतेला निघालेल्या आगबोटींचे पहिले बंदर बहुधा एडन असे. त्याच्याविषयीची मतेही अशीच दुभंगलेली होती.

२/ १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझ कालवा खुला झाला आणि हा जलमार्ग गजबजला. मुंबई सोडल्यावर पाच-सहा दिवस नुसते पाणी. मग क्षितिजावर काळपट, उघडेबोडके डोंगर. भूमी दिसल्याचा आनंद खरा, पण त्या भूमीवर हिरवे असे काही दिसत नसे.

३/ आगबोट थांबे ती प्रवाशांच्या हौसेसाठी नव्हे, कोळशासाठी. मुक्काम काही तासांचा. कोळशाची धूळ चुकवायला लोक किनाऱ्यावर उतरत. उतरण्याच्या जागेजवळ, म्हणजे स्टीमर पॉइंटवर, दुकाने होती. मूळ शहर सुमारे आठ किलोमीटर दूर, एका मृत ज्वालामुखीच्या मुखात. म्हणून त्याचे नाव क्रेटर. पुष्कळांचे ‘एडन-दर्शन’ दुकानांपाशीच संपे.

४/ मग केवळ घाईमुळेच मत वाईट होई का? तसेही नाही. फ्रेंच कवी आर्थर रँबो १८८० मध्ये तेथील कॉफीच्या पेढीत नोकरीला लागला. घरी धाडलेल्या पत्रांत त्याने या खडकाविषयी, तेथील उष्म्याविषयी आणि पाण्याविषयी कडवट तक्रारी केल्या. दीर्घकाळ राहूनही त्याचे मन रमले नाही.

५/ त्याच्या साडेपाचशे वर्षे आधी इब्न बतूता एडनला आला. पिके नाहीत, झाडे नाहीत, पाणी नाही, हे त्यानेही नोंदवले. पण हे हिंदुस्थानच्या व्यापाऱ्यांचे बंदर आहे, येथे खंबायत, ठाणे, कोल्लम, कालिकत येथून मोठी जहाजे येतात, हेही तो त्याच वर्णनात सांगतो. त्या यादीतले ठाणे म्हणजे आपलेच ठाणे. उजाड भूमी आणि संपन्न बंदर यांत त्याला विसंगती दिसली नाही.

६/ पावसाचे पाणी साठवण्याच्या टाक्यांचीही नोंद त्याने केली आहे. क्रेटरच्या डोंगरउतारावरील प्राचीन टाक्या एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्रजांनी गाळ उपसून दुरुस्त केल्या. प्रवाशाला त्या कोरड्या दगडी खड्ड्यांसारख्या भासत. सोलापूर जिल्ह्यातील मोडनिंबसारख्या पर्जन्यछायेतील गावच्या माणसाला मात्र त्यांचे मोल समजावून सांगावे लागणार नाही.

७/ सोलापूरशी एडनचे नाते आणखीही आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १९ जानेवारी १८३९ रोजी एडन जिंकले आणि पुढे १९३२ पर्यंत ते मुंबई सरकारच्या अखत्यारीत राहिले. सोलापूर आणि एडन यांचा कारभार एकाच गव्हर्नरच्या नावाने चाले. सरकारच्या लेखी ते कंटाळवाणे गाव नव्हते. समुद्रमार्गाची किल्ली होते.

८/ व्यापाऱ्यांची दृष्टी निराळी. १८५० मध्ये एडन जकातमुक्त बंदर झाले आणि कावसजी दिनशा या पारशी व्यापाऱ्याची पेढी तेथे भरभराटीला आली. प्रवासी ज्या गावाला तासाभरात विटत, त्याच गावाचे नाव या घराण्याने आडनाव म्हणून लावले : एडनवाला. १८८३ मध्ये त्यांनी तेथे अग्यारी उभारली. तिचा पवित्र अग्नी १९७६ मध्ये विमानाने भारतात आणला गेला. तो आज लोणावळ्यात आहे.

९/ मात्र या बंदराचा सर्वांत कठोर अनुभव एका मराठी माणसाच्या वाट्याला आला, आणि तो प्रवासी नव्हता. १८७६–७७ च्या भीषण दुष्काळात सोलापूरसह दख्खनचा मोठा भाग होरपळला. ती उपासमार पाहून पुण्यात लष्करी हिशेब खात्यात नोकरी करणारे वासुदेव बळवंत फडके बंडाकडे वळले. जुलै १८७९ मध्ये ते पकडले गेले. शिक्षा झाली जन्मठेपेची, स्थळ, एडन.

१०/ ज्या बंदरात आगबोटी काही तास थांबत, तेथे फडके यांनी तीन वर्षे काढली. एकदा कोठडीचे दार बिजागऱ्यांतून उखडून ते निसटलेही, पण पुन्हा पकडले गेले. जे उघडे डोंगर पाहून प्रवाशांचा विरस होई, त्या डोंगरांत पळालेल्या कैद्याला आडोसा कोठून मिळणार? १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला. वय अवघे ३७.

११/ म्हणजे १८८३ या एकाच वर्षी एडनमध्ये एका घराण्याने अग्नी प्रतिष्ठापिला, एका क्रांतिकारकाने प्राण सोडला, आणि धक्क्याजवळून कित्येक प्रवासी ‘पाहण्यासारखे काही नाही’ असे म्हणत पुढे गेले. यांपैकी खोटे कोणीच बोलत नव्हते.

१२/ म्हणून जुने प्रवासवर्णन साधन म्हणून वाचताना तीन प्रश्न विचारावेत. लिहिणारा तेथे किती काळ होता? कशासाठी आला होता? आणि हवे तेव्हा निघून जाण्याची त्याला मुभा होती का? बंदराविषयीची निराशा नोंदवण्यासाठीही आधी परतीचे तिकीट हाती असावे लागते.