पेट्रोलाची वाट

असोदा हें जळगांवाच्या शेजारचें गांव, आणि बहिणाबाई चौधरी यांचें माहेर. 1880 मध्यें त्या तेथें जन्मल्या आणि 1951 मध्यें जळगांवीं त्यांचें देहावसान झालें. बैलगाडीच्या युगांत उगवलेलें हें आयुष्य मोटारीच्या युगांत मावळलें. बैलापुढें कडबा आणि सरकी टाकली कीं ती त्याच्या पोटांत जाईल, याविषयीं खानदेशांतील शेतकऱ्याला कधीं शंका आली नाहीं. मोटारीचें तसें नाहीं. टाकी कांठोकांठ भरलेली असतांही ती भर रस्त्यांत उपाशी राहूं शकते. टाकी आणि कार्ब्युरेटर यांच्यामधल्या चारसहा हातांच्या वाटेचा इतिहास, म्हणजे या उपासमारीवर माणसानें योजिलेल्या उपायांचाच इतिहास होय.

पहिला उपाय निसर्गानेंच सुचविलेला होता. पाणी उतारानें वाहतें, तसें पेट्रोलही वाहूं द्यावें. 1908 ते 1927 या काळांत फोर्ड कंपनीनें ज्या दीड कोटी 'मॉडेल टी' गाड्या बनविल्या, त्यांत पंप मुळींच नव्हता. बहुतेक गाड्यांची टाकी बैठकीखालीं असे व कार्ब्युरेटर तिच्याहून खालच्या पातळीवर. सपाट रस्त्यावर सारें सुरळीत चाले. पण उभी चढण लागली कीं इंजिन वर जाई, टाकी खालीं राही आणि पेट्रोल थोडें असलें तर गाडी मधेंच थबके. मग चालक ती फिरवून, उलट्या गिअरमध्यें, पाठमोरी चढवीत. हंसूं येण्यासारखीच ही युक्ति, पण शास्त्रदृष्ट्या अगदीं निर्दोष!

पुढें टाकी गाडीच्या पाठीमागें गेली, तेव्हां पेट्रोल ओढून आणण्यासाठीं इंजिनाच्याच शोषणशक्तीचा उपयोग करण्यांत येऊं लागला. इंजिनाजवळ, उंचावर, 'व्हॅक्यूम टँक' नांवाचें एक लहान भांडें बसवीत. इंजिन हवा ओढतांना जी पोकळी उत्पन्न होते, तिच्या जोरावर पेट्रोल या भांड्यांत चढे आणि तेथून आपल्या वजनानें खालीं उतरे. दोष एकच, पण तो नेमका घाटांत उघडा पडणारा. लांब चढणीवर थ्रॉटल पूर्ण उघडला कीं पोकळी क्षीण होते. म्हणजे पेट्रोलाची निकड सर्वांत अधिक, त्याच वेळीं पुरवठा सर्वांत कमी.

1930 च्या आसपास पडद्याचा यांत्रिक पंप सर्वत्र आला आणि ही अडचण मिटली. 1928 मध्यें जनरल मोटर्सनें मुंबईंत गाड्यांची जुळणी सुरू केली होती. याच कंपनीच्या 'ए.सी.' शाखेचें नांव पुढें इतकें रुळलें कीं, कोणत्याही बनावटीच्या यांत्रिक पंपाला अनेक मिस्त्री 'एसी पंप'च म्हणतात. हीं अक्षरें अल्बर्ट चँपियन या गृहस्थाच्या नांवाचीं. हवा थंड करण्याच्या यंत्राशीं त्यांचा कांहीं संबंध नाहीं.

या पंपाची रचना मोठी चतुर आहे. इंजिनाचा कॅमशाफ्ट फिरतांना एक दांडा हालवितो. तो दांडा लवचिक पडदा मागें ओढतो आणि टाकींतील पेट्रोल आंत येतें. पडदा पुढें ढकलण्याचें काम मात्र दांडा करीत नाहीं. तें एक स्प्रिंग करते. कार्ब्युरेटर भरून त्याची सुई मिटली कीं पडदा मागेंच थांबतो आणि दांडा नुसता हालत राहतो. मागेल तेवढेंच द्यावयाचें, अधिक नाहीं. 1944 मध्यें वालचंद हिराचंद यांनीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून 1964 नंतर निघालेल्या फियाट आणि पद्मिनी गाड्या अशाच पडद्यावर चालल्या; महिंद्रांच्या पेट्रोल जीपाही तशाच.

घाट जिंकणारा हा पंप उन्हापुढें मात्र हरला. खानदेशांत वैशाखांत पारा 45 अंशांच्या वर जातो. पेट्रोलांतील हलका अंश 40 अंशांच्या आंतच उकळूं लागतो, आणि नळींत ओढ असल्यामुळें दाब कमी होऊन तो अधिकच लवकर उकळतो. पंप द्रव ओढण्यासाठीं घडलेला. वाफ त्याच्या पोटांत नुसती आकुंचते आणि प्रसरण पावते, पुढें सरकत नाहीं. अशा वेळीं चालक पंपावर ओलें फडकें गुंडाळून सांवलींत वाट पाहत. पुढील काळांत विजेचा पंप टाकींतच बुडवून पेट्रोल ओढण्याऐवजीं ढकलण्याची पद्धत आली, तिच्यामागील एक मोठें कारण हेंच होय.

जुनी गाडी ज्यांनीं अजून संभाळली आहे, त्यांच्या दृष्टीनें या इतिहासाला व्यावहारिक महत्त्व आहे. गाडी अडली कीं पंप बदलावा आणि जुन्या नळ्या तशाच ठेवाव्या, हा प्रघात सर्वत्र आढळतो. तो अर्धाच उपाय आहे. टाकीपासून पंपापर्यंतची नळी ओढीच्या बाजूची. ती चिरली तर बाहेर थेंबही दिसेलच असें नाहीं. ती निमूटपणें हवा आंत घेते, आणि नवा कोरा पंपही निकामी ठरतो. पंपापुढील नळी दाबाच्या बाजूची. ती चिरली तर पेट्रोल तापलेल्या इंजिनावर उडतें, आणि येथें प्रश्न गाडीचा राहत नाहीं, प्राणांचा होतो. तांब्याची नळी हादऱ्यांनीं कडक होऊन तडकते, म्हणून पोलादी नळी बरी. रबरी तुकडा पेट्रोलासाठींच बनविलेला असावा. पाण्याची नळी तोडून लावणें ही काटकसर नव्हे. पंप बसवितांना त्याच्याखालील जाड पॅकिंग टाकून देऊं नये. तें इंजिनाची उष्णता अडवितें, आणि दांड्याची हालचालही त्याच्याच जाडीवर अवलंबून असते.

आतां यांत इथेनॉलाची भर पडली आहे. ही कल्पना नवी नाहीं. मोटारीच्या इंधनांत मद्यार्क मिसळण्यासंबंधीं 1948 मध्येंच कायदा झाला होता. तो 2000 मध्यें रद्द झाला. 2025 पर्यंत मात्र वीस टक्के मिश्रण देशभर प्रचारांत आलें. इथेनॉल हवेंतील ओलावा शोषतें, आणि जुन्या जातीचें रबर त्यानें फुगतें व मऊ पडतें. जुन्या पंपाचा पडदा आणि नळ्या याच रबराच्या. त्यामुळें या मिश्रणास टिकणारा पडदा व नळ्या एकदमच घालणें इष्ट.

काम इंजिन थंड असतांना, बॅटरीची तार सोडून, उघड्या हवेंत करावें. नंतर इंजिन चांगलें तापेपर्यंत चालवून प्रत्येक सांधा बोटानें नव्हे, कोरड्या कागदानें तपासावा. दुसऱ्या दिवशीं ऑइलची पट्टी काढून तिचा वास घ्यावा. ऑइलला पेट्रोलाचा वास येत असेल, तर पडदा गळत आहे असा संशय धरावा आणि पंप पुन्हां उतरवावा.