पारसनीस: फारसी वाचणाऱ्यांचे आडनाव

आमच्या पैठण तालुक्यातल्या पाचोडला एक हजेरी घ्या: पाटील, देशमुख, शिंदे सापडतील, पारसनीस शोधूनही सापडायचा नाही. मला मात्र या आडनावाचा फार आदर वाटतो.

‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. त्याचेच मराठीत ‘नीस’ झाले आणि फडणीस, चिटणीस, पोतनीस, सबनीस अशी घराणी उभी राहिली. पारसनीस हा फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा अधिकारी. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, तरी मोगल आणि निजामाशी बोलायचे तर फारसीच लागे. म्हणून पेशव्यांच्या दरबारीही पारसनीस होतेच. आडनाव हुद्द्यावरून पडले. तेव्हा सगळे पारसनीस एकाच मूळ पुरुषाचे, असे समजण्याचे कारण नाही. फडावर कारकून पुष्कळ लागत, फारसी जाणणारे मोजके. आडनाव विरळ राहिले ते त्यामुळेच, असे माझे मत आहे.

त्यातले सर्वांत मोठे नाव साताऱ्याचे दत्तात्रय बळवंत पारसनीस (१८७०–१९२६). मेणवलीचे नाना फडणीसांचे दप्तर त्यांनी उजेडात आणले, १९०८ पासून ‘इतिहाससंग्रह’ मासिक चालवले. पूर्वजांनी पत्रे लिहिली, वंशजाने जुनी पत्रे जपली!

जपण्याचे हे काम आपल्या भागातही उरले आहे. मराठवाड्यात १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी अंमल होता. पैठण तालुक्यातल्या कितीतरी घरांत आजही उर्दू खरेदीखते, मुन्तखब (इनामाचे कागद) पडून आहेत. वाचणारे म्हातारे झाले. ते आहेत तोवर आपापली कागदपत्रे त्यांच्याकडून वाचून घ्या आणि मराठीत उतरवून ठेवा.