वारज्याची संस्था आणि कोंभाळण्याचे वाल

मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचन येथे स्थापिलेली ‘बायफ’ संस्था संकरित गायींसाठी ख्यातनाम झाली. तिचे मुख्यालय आज पुण्यातील वारजे येथे आहे. संकराचा प्रसार करणाऱ्या याच संस्थेने पुढे गावरान बियाण्यांच्या जतनास हात घातला, हा मोठा गमतीचा विरोधाभास! अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नव्हत्या. परसातील वालाचे नाना वाण मात्र त्यांनी राखेत घोळून, मडक्यांत भरून जपले. ‘बायफ’च्या साहाय्याने त्या घरगुती ठेव्याची बियाणे बँक उभी राहिली, २०२० साली राहीबाईंना पद्मश्री जाहीर झाली. वालात बहुतांशी स्वपरागण होत असल्याने राखलेले बी मूळ गुण टिकवते. संकरित बियाण्याच्या पुढच्या पिढीत ते गुण विखुरतात, आणि शेतकऱ्याला दरवर्षी दुकानाची वाट धरावी लागते.