माळ्यावरच्या चारशे सुटकेसेस

लोकलमध्ये उभं राहून ऐकत असाल किंवा रात्री पांघरुणात मोबाईल धरून वाचत असाल, आज आपण बंद पडलेल्या इस्पितळांत जाणार आहोत. भुताच्या आशेने आला असाल तर आधीच सॉरी. आजच्या भागात एकही भूत नाही.

यूट्यूबवर असले व्हिडिओ ढिगाने आहेत. टॉर्चचा उजेड, पोपडे सुटलेल्या भिंती, गंजलेली खाट आणि खाली घाबरवणारं म्युझिक. मीही बघायचो. इंजिनिअरिंगला असताना मित्रांबरोबर एका पडीक दवाखान्यात घुसून फोटोसुद्धा काढले. त्यातला एक फोटो फार गाजला: धुळीत उघडं पडलेलं पेशंटचं रजिस्टर. त्याबद्दल शेवटी बोलतो.

या फोटोंमधल्या पुष्कळशा इमारती अमेरिकेतल्या जुन्या मनोरुग्णालयांच्या आहेत, आणि त्या मुळात भयानक दिसाव्यात म्हणून बांधलेल्याच नव्हत्या. थॉमस किर्कब्राइड नावाच्या फिलाडेल्फियाच्या डॉक्टरचं म्हणणं होतं की इमारत हेच औषध. मधे मुख्य भाग आणि दोन्ही बाजूंना पायरीपायरीने मागे सरकत जाणारे लांब वॉर्ड, पंख पसरलेल्या वटवाघळासारखे. का, तर प्रत्येक खोलीला ऊन-वारा मिळावा. बाहेर शेती आणि बाग. एका इस्पितळात 250 च्या वर रुग्ण नकोत, हेही त्याने 1854 च्या पुस्तकात लिहून ठेवलं.

पुढे काय झालं, ते आपल्या फील्डमधल्या कोणालाही लगेच कळेल. सिस्टिम 250 यूजरसाठी डिझाइन केली आणि लोड आला हजारोंचा. म्हातारे, अनाथ, इंग्रजी न येणारे स्थलांतरित, घरच्यांना नकोसे झालेले, सगळे तिथेच. 1955 मध्ये अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून जास्त माणसं होती. त्याच सुमारास क्लोरप्रोमाझिन हे औषध आलं, 1963 मध्ये केनेडींनी रुग्णांवर त्यांच्या वस्तीतच उपचार व्हावेत यासाठी कायदा केला, आणि वॉर्ड हळूहळू रिकामे झाले. बाहेर पडलेल्यांची सोय मात्र सगळीकडे झाली नाही. मॅसॅच्युसेट्सचं डॅनव्हर्स 1992 मध्ये बंद पडलं, तिथे 'सेशन 9' या भयपटाचं शूटिंग झालं, नंतर बरीचशी इमारत पाडून अपार्टमेंट उभी राहिली. दर्शनी भाग तेवढा ठेवला.

ख्रिस्तोफर पेन हा फोटोग्राफर सहा वर्षं अशा सुमारे 70 संस्थांमधून फिरला. त्याच्या फोटोंत भुतं नाहीत. एका कपाटात ओळीने टांगलेले पेशंटचे टूथब्रश आहेत. मला तरी कुठल्याही गंजलेल्या खाटेपेक्षा तो फोटो जास्त लागला.

आता मुख्य गोष्ट. न्यूयॉर्क राज्यात सेनेका तळ्याकाठी विलार्ड नावाचं मनोरुग्णालय होतं, 1869 पासूनचं. 1995 मध्ये ते बंद झालं. सामान आवरताना एका माळ्यावर चारशेहून जास्त सुटकेसेस सापडल्या, साधारण 1910 ते 1960 च्या दशकातल्या. दाखल होताना आणलेली बॅग जमा करून घ्यायचे, आणि माणूस तिथेच वारला तर बॅग तशीच राहायची. आत पत्रं, कौटुंबिक फोटो, घड्याळं, शिवणकामाचं सामान. म्हणजे घरी परत जायचंय असं समजून बांधलेलं सामान! न्यूयॉर्क राज्याच्या संग्रहालयाने तो ठेवा जपला, 2004 मध्ये प्रदर्शन भरवलं, आणि 2011 पासून जॉन क्रिस्पिन या फोटोग्राफरने एकेक बॅग उघडून तिचे फोटो काढले.

पण अडचण नावांची. रुग्णाची ओळख गुप्त ठेवायचा नियम, म्हणून राज्य सरकार आडनावं छापू देईना. विलार्डच्या दफनभूमीत हजारो कबरी, त्यांवर नाव नाही, नुसता नंबर. लॉरेन्स मोका नावाचा रुग्ण 1918 मध्ये तिथे आला. त्याने स्वतःच्या हाताने दीड हजारांवर कबरी खणल्या आणि 1968 मध्ये, नव्वदीत, तिथेच वारला. त्यालाही नाव असलेला दगड मिळाला नव्हता. स्थानिक लोकांनी चिकाटी धरली, सरकारशी भांडले, तेव्हा कुठे 2015 मध्ये त्याचं स्मारक झालं.

गुप्तता हवीच, मी त्याच्या विरोधात नाही. पण सत्तर-ऐंशी वर्षांनंतर ती नेमकी कोणाला वाचवते? पेशंटला, की नातेवाईकांच्या आणि सरकारच्या लाजेला? मोकाच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे: नाव हवं.

आणि इथेच माझा तो रजिस्टरचा फोटो आडवा येतो. विलार्डबद्दल वाचल्यावर मी तो झूम करून पाहिला. एका बाईचं नाव, गाव आणि आजार, तिन्ही स्पष्ट वाचता येतं. तारीख तेव्हा जेमतेम वीस वर्षांपूर्वीची. म्हणजे ती बाई हयात असू शकते, तिची मुलं इन्स्टावर असू शकतात. तिला कोणी विचारलं नव्हतं, आणि मी वर ब्लॅक अँड व्हाइट फिल्टर लावला होता.

पोस्ट त्याच रात्री डिलीट केली. तोवर ती किती जणांनी शेअर केली, कोणाकोणाच्या फोनमध्ये पडून आहे, ते आता शोधता येत नाही. मित्राला सांगितलं तर म्हणाला, 'अरे सोड ना, कोण बघतंय.' मी मूळ फाईलही उडवली. दवाखान्याची इमारत अजून उभी आहे. दाराला कुलूप नाही, आणि रजिस्टर बहुतेक तिथेच असेल.