धूर मोजणारा काटा आधी पारखा



कापूस विकायला नेला की आपली नजर काट्यावर असते. वजनमापे खात्याचा शिक्का आहे का, ते आपण बघतो. संशय आला तर ठाऊक वजन ठेवून काटा पारखतो. आज आम्ही तुम्हाला धूर मोजणाऱ्या काट्याची गोष्ट सांगणार आहोत.

पऱ्हाट्या ओल्या निघाल्या की डोळ्यांना धार लागते, छातीत खोकला दाटतो. आपल्या आज्यांनी हे जन्मभर सोसलं. तक्रार केली तर 'चूल म्हटली की धूर असायचाच' एवढंच ऐकायला मिळे. धूर किती, हे कुणी मोजलंच नव्हतं.

मोजणी झाली ती आपल्या शेजारी, गुजरातेत. किर्क स्मिथ, अगरवाल आणि दवे या संशोधकांनी चार गावांत स्वयंपाक करणाऱ्या बायांच्या अंगावरच हवेचा नमुना घेणारी यंत्रं लावली. 1983 साली निष्कर्ष छापून आला: रांधताना बाई ज्या हवेत श्वास घेते, तिच्या एका घनमीटरमध्ये सरासरी सुमारे 7 मिलिग्राम कण! बाहेरच्या हवेतल्या बारीक धुळीसाठी आज आपल्या देशाची दिवसभराची मर्यादा आहे 0.1 मिलिग्राम. दोन्ही मापं तंतोतंत सारखी नाहीत, पण अंदाज येतो.

कणांचं वजन करायची खात्रीची रीत अशी: पंप हवा ओढतो, कण गाळणीच्या कागदावर अडकतात. आधी कोरा कागद तोलायचा, नंतर काळवंडलेला. फरक म्हणजे धूर. ही रीत पक्की, पण खर्चिक. शिवाय धूर नेमका कधी वाढला, ते कळत नाही.

मग दुसरी युक्ती निघाली. छपराच्या फटीतून कवडसा आला की त्यात धूर चमकताना दिसतो ना? तसाच प्रकाश टाकून चमक मोजायची. अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या संशोधकांनी घरात आग लागल्याची सूचना देणाऱ्या साध्या यंत्रापासून असं छोटं यंत्र बनवलं.

पण जास्त चमक म्हणजे जास्त वजन, असं नेहमी नसतं. कणांचा आकार आणि रंग बदलला की चमक बदलते. हवा फार दमट असली तरीही आकडा फसवतो. म्हणून बंद खोलीत लाकडाचा धूर करून हे यंत्र आणि गाळणीचा कागद शेजारी-शेजारी ठेवले आणि आकडे ताडून पाहिले. तो अभ्यास 2006 मध्ये छापला गेला. पुढे खऱ्या स्वयंपाकघरांतही पडताळा झाला. याच यंत्राने पुण्याजवळच्या गावांतल्या सुधारित चुलींचा धूर मोजला. 2007 च्या त्या अभ्यासात धूर घटलेला दिसला, पण संपलेला नाही.

आता आपलं खानदेश. स्वच्छ हवेच्या राष्ट्रीय कार्यक्रमात जळगाव शहराचं नाव आहे. पण शहराच्या हवेचं यंत्र आपल्या चुलीपुढचा धूर सांगणार नाही. आणि आपल्याकडे जळतात पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या. लाकडाच्या धुरावर पारखलेलं यंत्र इथे पुन्हा पारखावं लागतं.

तेव्हा उद्या कुणी यंत्र घेऊन गावात आलं, तर बचत गटाने तीन गोष्टी विचाराव्यात. हे कोणत्या धुरावर तपासलं? गाळणीच्या कागदाशी ताडून पाहिलं का? शेवटचं कधी तपासलं? चुलीबद्दल, गॅसबद्दल निर्णय त्या आकड्यावर होणार आहेत. कापसाच्या काट्यात नुकसान झालं तर पैसे जातात. इथे श्वास जातो.