कोहळ्याचा बळी

नवरात्रांत कित्येक ठिकाणीं देवीपुढें कोहळा ठेवून त्याला कुंकू लावितात आणि एका घावांत त्याचीं दोन शकलें करितात. हा कोहळा बोकडाच्या जागीं आला आहे. कोहळा व ऊस यांचा बळी बोकडाइतकाच तृप्तिदायक, असें कालिकापुराण सांगतें. मात्र रेड्या-बोकडांच्या बळीचें सविस्तर विधानही त्याच पुराणांत आहे.

या बदलामागील विचार फार जुना. ऐतरेय ब्राह्मणांतील कथेप्रमाणें देवांनीं प्रथम मनुष्यालाच यज्ञपशु केलें. त्याच्यांतील यज्ञयोग्य अंश निसटून घोड्यांत गेला. तेथून बैलांत, मेंढ्यांत, बोकडांत, आणि अखेर भूमींत शिरून त्याचें भात झालें. म्हणून तांदळाचा पुरोडाश हाही पशूच. साळीचें कुसळ म्हणजे केस, तूस म्हणजे कातडी, पीठ म्हणजे मांस! कल्पना धीट खरी. परंतु तिनें पशुयाग थांबला नाहीं. पुरोडाश पशूच्या जोडीला आला, जागीं नव्हे. पुढें मध्वाचार्यांच्या परंपरेनें मात्र यज्ञांत पिठाचाच पशु पुरेसा मानिला.

ग्रामदेवतेच्या जत्रेंत ही तडजोड इतकी सोपी नाहीं. तेथें नवसाचा बोकड देवीचा बळी असतो, तसेंच भावकीचें जेवणही; कोहळ्यानें तें जेवण होत नाहीं. केवळ राजाज्ञेनें हा प्रश्न सुटेल, असेंही दिसत नाहीं. मद्रास राज्यानें १९५० सालीं देवळांतील पशुबळीस बंदी घालणारा कायदा केला. तो बहुतेक कागदावरच राहिला. २००३ सालीं तामिळनाडू सरकारनें त्याची कडक अंमलबजावणी आरंभिली, आणि २००४ सालीं कायदाच रद्द केला.